इमारतीचा फोटो कसा काढावा?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही पालकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. "आम्ही मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेण्याची खटपट करतो आणि हे सर त्यांना फोटो काढायला शिकवितात, हे काय?" प्रश्न योग्य आहे. मोबाइल घराघरांत शिरला आहे आणि मुले त्यावर फोटो काढतात, ही वस्तुस्थिती आहे. तो काढून घेणे हा एक उपाय झाला. त्याच मोबाइलकडून काही उपयोगाचे काम करवून घेणे हा दुसरा. मी दुसऱ्या उपायाबद्दल बोलणार आहे.

आपल्या आसपासच्या इमारतींचे फोटो कसे काढावेत, आणि मुख्य म्हणजे का काढावेत, एवढाच माझा विषय आहे. मी व्यवसायाने फोटोग्राफर नाही, शाळेत शिकविणारा शिक्षक आहे. त्यामुळे यंत्राबद्दल थोडे आणि पाहण्याबद्दल जास्त सांगेन.

प्रथम एक साधी गोष्ट पाहा. आपल्यापैकी पुष्कळांची घरे पत्र्याची आहेत. पत्र्याला कुठेतरी खिळ्याचे भोक असते आणि दुपारी त्यातून जमिनीवर उन्हाचा कवडसा पडतो. भोक वेडेवाकडे असते, पण कवडसा गोल पडतो. असे का? कारण तो कवडसा म्हणजे त्या भोकाचा आकार नव्हे. ते सूर्याचे चित्र आहे. खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी हाच कवडसा चंद्रकोरीसारखा होतो. अकराव्या शतकात कैरो येथे राहून प्रकाशाचा अभ्यास करणारे इब्न अल् हैसम यांनी या कोरीचा विचार केला आणि अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग केले. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही जो सूचिछिद्र कॅमेरा शिकता, त्याचे मूळ या अंधाऱ्या खोलीत आहे. तात्पर्य, कॅमेरा ही अद्भुत वस्तू नाही. ती एक अंधारी खोली आहे आणि तिला एक झरोका आहे. त्या झरोक्यातून काय आत घ्यावयाचे, हे ठरविणारा माणूस महत्त्वाचा.

आता आपल्या भागाकडे वळू. सोलापूरहून सुमारे १०० किलोमीटरवर विजापूर आहे. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव विजयपूर असे आहे. फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला १८३९ साली. त्यानंतर सोळा वर्षांतच, म्हणजे १८५५ साली, मुंबई सरकारने तोफखान्यातील एक अधिकारी थॉमस बिग्ज यांना जुन्या इमारतींचे फोटो काढण्याच्या कामावर नेमले. ते विजापूर, बदामी, ऐहोळे या ठिकाणी गेले. त्यांच्याजवळ आजच्यासारखी फिल्मही नव्हती. मेण लावलेल्या कागदावर ते चित्र उतरवीत. एकेका चित्रासाठी कॅमेरा बराच वेळ हलू न देता उघडा ठेवावा लागे. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना फौजेच्या कामावर परत बोलाविण्यात आले आणि ती जबाबदारी डॉ. पिगू यांच्याकडे गेली. पुढे १८६६ साली लंडनमध्ये विजापूरच्या वास्तुकलेवर एक मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात बिग्ज यांचे फोटो आहेत आणि इतिहास लिहिला आहे मेडोज टेलर यांनी. हे टेलर १८५३ पासून काही वर्षे आपल्या शेजारच्या नळदुर्गला अधिकारी होते.

बिग्ज यांचे फोटो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवले आहेत. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी विजापूर कसे दिसत होते, कोणती भिंत उभी होती, कुठे झाडी माजली होती, हे सांगणारा तो पुरावा आहे. ज्यांना डागडुजी करावयाची असते, ज्यांना इतिहास लिहावयाचा असतो, ते अशा फोटोंकडे वळतात. मित्रहो, इमारतीचा फोटो म्हणजे शोभेचे चित्र एवढेच नव्हे. तो साक्षीदार असतो. साक्षीदार खरे बोलणारा हवा आणि त्याने नीट पाहिलेले हवे.

मग नीट पाहावयाचे कसे? काही गोष्टी अनुभवाने सांगतो.

पहिली गोष्ट, घाई करू नका. आपण सहलीला गोल घुमटावर जातो, बसमधून उतरतो आणि घुमटाकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतो. घुमट मागे बोटभर दिसतो. इमारतीकडे पाठ करून इमारतीचा फोटो निघत नाही. आधी मोबाइल खिशात ठेवून इमारतीला एक फेरी घालावी. दार कोणत्या दिशेला आहे, ऊन कुठून येते, माणसे कुठून जातात-येतात, कोणता दगड झिजला आहे, हे पाहावे. ही इमारत कशासाठी बांधली आणि ती उभी कशी राहिली, हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. त्यांची उत्तरे शोधताना फोटो आपोआप सुचतात.

गोल घुमटाचेच उदाहरण घेऊ. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमारास पुरी झाली. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि आत एकही खांब नाही. खालची खोली चौकोनी, वरचा घुमट गोल. चौकोनावर गोल कसा बसविला? आत जाऊन एका भिंतीला पाठ लावून वर पाहा. दोन चौकोन एकमेकांवर फिरवून ठेवावेत तशा आठ कमानी एकमेकींना छेदत वर गेल्या आहेत आणि त्यांनी गोलाला आधार दिला आहे. भूमितीच्या वहीतील आकृती दगडात उभी आहे! या छेदणाऱ्या कमानींचा एक फोटो बाहेरून काढलेल्या दहा फोटोंपेक्षा अधिक सांगेल. आत उजेड कमी असतो. फ्लॅश एवढ्या उंचीवर पोहोचत नाही, म्हणून तो बंद ठेवावा. मोबाइल भिंतीच्या कडेला जमिनीवर उताणा ठेवून वेळ लावून फोटो घ्यावा, म्हणजे तो हलत नाही. वरच्या कुजबुजणाऱ्या सज्जात समोरच्या बाजूला उभा असलेला माणूस फोटोत घेतला, तर घुमट केवढा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. भर दुपारी काढलेल्या फोटोत कोरीवकाम सपाट दिसते, कारण सावली नसते. नक्षी दिसते ती सावलीमुळे. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन भिंतीवरून तिरपे सरकते, तेव्हा प्रत्येक पाकळी उठून दिसते. आपल्या शहरातील इंद्रभुवन हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अप्पासाहेब वारद यांनी बांधविलेले देखणे घर. त्याच्या दर्शनी भागावरील शिल्पकाम दुपारी बारा वाजता पाहा आणि उन्हे कलल्यावर पाहा. जणू दोन वेगळ्या इमारती पाहिल्यासारखे वाटेल.

येथे भूगोलही उपयोगी पडतो. पूर्वेच्या भिंतीला सकाळ आणि पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळ, हे सर्वांना कळते. पण उत्तरेच्या भिंतीचे काय? सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडे वर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. हिवाळ्यात तर उत्तरेच्या भिंतीला ऊन मिळतच नाही. उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा त्या भिंतीवर तिरपे ऊन पडते. म्हणजे एखाद्या भिंतीचा चांगला फोटो हवा असेल, तर कधी कधी सहा महिने थांबावे लागते. हे थांबणे म्हणजेच निम्मी कला होय.

ऋतूचेही तसेच. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. ते काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले. उन्हाळ्यात जाल तर कोरडी भिंत दिसेल. चांगला पाऊस होऊन बांध भरला, की नर आणि मादी या दोन वाटांनी पाणी खाली कोसळते आणि महालात उभा असलेला माणूस कोरडा राहून समोर पाण्याचा पडदा पाहतो. बांधणाऱ्याच्या मनात काय होते, हे त्या दिवशी कळते. पण उन्हाळ्यातला कोरडा फोटोही टाकून देऊ नका. बांधाची चिरेबंदी त्यातच दिसते. दोन्ही शेजारी ठेवले म्हणजे इमारत पूर्ण समजते.

तिसरी गोष्ट, मोबाइल सरळ धरणे. मिनार किंवा उंच इमारत एका चौकटीत मावत नाही म्हणून आपण मोबाइल वर वाकवितो आणि फोटोत मिनार मागे कलंडल्यासारखा दिसतो. बिचाऱ्या गवंड्याने ओळंबा लावून बांधलेले काम आपण क्षणात वाकडे करतो! उपाय सोपे आहेत. मागे सरकावे. समोरच्या घराच्या गच्चीवर परवानगी घेऊन जावे. मोबाइल भिंतीला समांतर धरावा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापून टाकावी. मुद्दाम पायथ्याशी उभे राहून आकाशाकडे पाहिलेला फोटोही काढता येतो, पण तो उंची दाखविण्यासाठी, ठरवून काढावा. नकळत वाकडा आलेला फोटो आणि ठरवून काढलेला फोटो यांत फरक आहे.

चौथी गोष्ट, तुकडा पाहणे. सगळी इमारत प्रत्येक फोटोत आलीच पाहिजे असे नाही. विजापूरच्या इब्राहिम रोज्याच्या खिडक्यांत अक्षरे कोरूनच दगडी जाळी केली आहे. आत उभे राहून बाहेरच्या उजेडाकडे पाहिले, की दगडाची अक्षरे काळी आणि मधली जागा उजळ दिसते. ती एक खिडकी म्हणजे पूर्ण फोटो आहे. आपल्या भुईकोट किल्ल्याची दुहेरी तटबंदी, बुरुजाचा एक कोपरा, सिद्धेश्वर तळ्याच्या पाण्यात हलणारी तटाची सावली, जुन्या दाराची कडी, हजारो पावलांनी खोलगट झालेली पायरी, हे सारे असेच तुकडे आहेत.

शिलालेखाचा फोटो काढताना मोबाइल बरोबर त्याच्या समोर धरावा आणि मित्राने दुसऱ्या मोबाइलची बत्ती एका बाजूने तिरपी धरावी. पुसट अक्षरे उठून येतात. अक्षरांत खडू भरू नये, तेल लावू नये. त्याने दगड खराब होतो आणि शेकडो वर्षांचा लेख आपल्या हातून बिघडतो.

आता काही विद्यार्थी म्हणतील, "सर, यात नवी कल्पना काय?" नवीन म्हणजे चमत्कारिक, असा आपला समज झाला आहे. मी दोन उदाहरणे देतो.

लुसियां एर्वे नावाचे एक फोटोग्राफर होते. जन्माने हंगेरियन, राहावयास फ्रान्समध्ये. १९४९ साली मार्सेय शहरात ल कॉर्बुझिए या प्रसिद्ध वास्तुरचनाकाराची एक मोठी इमारत बांधून होत होती. एर्वे यांनी एका दिवसात तिचे ६५० फोटो काढले. ते पाहून कॉर्बुझिए यांनी त्यांना आपल्या कामाचे फोटो काढण्यास बोलाविले. पुढे एर्वे चंदीगडलाही आले. त्यांच्या फोटोत निम्मी जागा काळ्या सावलीची असे, आणि फोटो छापल्यावरही नको तो भाग ते कात्रीने कापून टाकीत.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट. जर्मनीतील बेर्न्ड आणि हिला बेशर या पतिपत्नींनी १९५९ पासून काही दशके खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या यांचे फोटो काढले. त्यांना सावली नको असे. ढगाळ आकाश पाहून, इमारतीच्या समोर उभे राहून, प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने ते फोटो घेत आणि नऊ-दहा फोटो शेजारी शेजारी लावीत. एक टाकी पाहून काही वाटत नाही, पण पंधरा टाक्या ओळीने पाहिल्या की प्रत्येकीचा चेहरा निराळा आहे हे लक्षात येते. ज्या कारखान्यांना कोणी सुंदर म्हणत नव्हते आणि जे एकेक करून पाडले जात होते, त्यांची ही नोंद आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहे.

बेशर दांपत्याची गोष्ट आपल्या सोलापूरला फार लागू पडते. आपले शहर गिरण्यांचे. १८७० च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. भोंग्यावर शहर उठत होते आणि भोंग्यावर जेवत होते. आपल्यापैकी किती जणांचे आजोबा तेथे साच्यावर किंवा मागावर उभे होते! त्या गिरण्या बंद पडल्या. त्यांचे जे अवशेष उरले आहेत, कामगारांच्या ज्या चाळी अजून उभ्या आहेत, त्यांचे फोटो कोणी काढावयाचे? लंडनहून पुन्हा कोणी बिग्ज येणार नाही.

आणि गिरण्या तरी मोठ्या. आपल्या बेगम पेठेत, विजापूर वेशीत, शुक्रवार पेठेत माळवदाची जी घरे उरली आहेत, त्यांचे काय? हातभर रुंद भिंती, लाकडी तुळया, कोनाडे, माळवदातला झरोका, मागाची खोली. दर वर्षी त्यांतील काही पडतात आणि तेथे सिमेंटची इमारत उभी राहते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कुटुंब वाढते, पावसाळ्यात गळते, माणसांना चांगले घर हवे आणि ते मिळालेच पाहिजे. पण जुने घर पाडण्याआधी एक तास द्या. त्याचे फोटो घ्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तो आपल्याही शहराला जाणवला होता. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतील सुमारे ८ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जड भिंती आणि वरचे मातीचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. वाचलेल्यांना नव्या जागी नवी गावे बांधून मिळाली. जुन्या गावातले आपले घर कसे होते, हे नातवंडांना दाखवावयाचे म्हटले तर त्यांच्यापैकी कितीजणांजवळ एखादा फोटो असेल? लग्नाचे फोटो असतील. त्यांत मागे भिंतीचा एखादा तुकडा असेल, तेवढाच. मोठ्या इमारती ग्रंथांत जातात. साध्या माणसाचे घर त्याच्याबरोबर संपते. हे मला फार खटकते, आणि आज तुमच्यासमोर उभे राहण्याचे खरे कारण हेच आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना मी एक काम सुचवितो. प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यातील एक जुनी इमारत निवडावी. घर, मशीद, दर्गा, देऊळ, चाळ, विहीर, दुकान, काहीही चालेल. तिचे आठच फोटो काढावेत. बाहेरच्या तीन बाजूंचे, एक दाराचा, एक आतला, एक छताचा, एक कोणत्याही बारीक कामाचा, आणि एक त्या इमारतीत रोज वावरणाऱ्या माणसाचा. बाजू लागून असल्या तर आतले फोटो वाढवावेत. प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, गल्लीचे नाव आणि दिशा लिहावी. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून चार ओळी टिपाव्यात. घर कोणी बांधले, लाकूड कुठून आले, दुरुस्ती कधी झाली, एवढे पुरे. नावाशिवायचा फोटो दहा वर्षांनी अनाथ होतो. मोबाइल हरवतो, फुटतो. म्हणून आठांपैकी दोन तरी फोटो कागदावर छापून वहीत चिकटवावेत. ४० मुलांच्या एका वर्गाने हे केले, तर एका वर्षात ४० इमारतींची नोंद होईल. ती वही शाळेच्या ग्रंथालयात राहील.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळा. कोणाच्या घराचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. घरातील बायका-माणसांची सोय पाहा. नमाजाच्या किंवा पूजेच्या वेळी कॅमेरा बाहेर काढू नका, आणि एरवीही तेथील जबाबदार माणसाला विचारा. संरक्षित वास्तूंत तिपाई लावण्यास परवानगी लागते, ती घ्या. पडक्या भिंतीवर चढू नका. फोटो पुन्हा काढता येतो, पाय तसा जोडता येत नाही.

शेवटी पालकांना दोन शब्द. हा छंद अभ्यासाच्या आड येणारा नाही. भिंत पाहताना मुलगा भूमिती पाहतो, उन्हाचा विचार करताना भूगोल आठवतो, आजीला प्रश्न विचारताना इतिहास लिहितो. ज्याला गोडी लागेल, त्याला बारावीनंतर वास्तुशास्त्राचा पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, स्थापत्य अभियांत्रिकी आहे, पुरातत्त्व आहे. मुलींनाही या वाटा तितक्याच मोकळ्या आहेत. किंबहुना घराच्या आतल्या भागाची नोंद मुलीच अधिक चांगली करतील, कारण चूल, मोरी आणि माजघर यांपर्यंत परक्याचा कॅमेरा पोहोचत नाही.

आपले वाडवडील कोणत्या छपराखाली राहिले, हे पुढच्या पिढीला सांगण्याचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पूर्वी ते सरकारी अधिकाऱ्याजवळ होते, आज ते विणकराच्या मुलाजवळ आहे. त्याचा उपयोग कसा करावयाचा, हे आपल्या हाती आहे. येत्या रविवारी सकाळी ऊन तिरपे असताना घराबाहेर पडा, आणि सुरुवात आपल्याच गल्लीपासून करा.